समोरच्या साहेबांची खोली

आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला मुंबईत कामासाठी राहायची वेळ आली, तर तो आधी लॉजचा विचार करत नाही. तो विचारतो, "साहेबांची खोली रिकामी हाय का?" निवडून आलेल्या आमदाराला सरकार राजधानीत राहायला एक खोली देतं, हे इतरांना शाळेच्या पुस्तकातून कळत असेल, आम्हाला ते आजारपणातून कळतं. साहेब स्वतः त्या खोलीत क्वचितच झोपतात. त्यांची मुंबईत दुसरी सोय असते आणि ती कुठं असते हे विचारू नये. खोलीत झोपतात ते तालुक्यातले पेशंट, बदलीसाठी मंत्रालयात खेटे घालणारे मास्तर आणि परीक्षेला आलेली पोरं. गादी फुकट, पाणी फुकट, पंख्याचा वारा फुकट. मला फुकट या शब्दाचीच धास्ती आहे. हे घरातूनच आलंय. दुकानदारानं मूठभर शेंगदाणे जास्त टाकले, तर आमची आई घरी येऊन ते आधी निवडून बघते, किडके तर नाहीत ना.

हे साहेब कुठल्या तालुक्याचे ते मी सांगणार नाही. त्यांच्या खोलीत झोपलो, त्यांच्या माठातलं पाणी प्यालो. शिवाय तुम्ही कोणत्या गटाचे हे मला काय माहीत? एवढंच सांगतो की ते आमचे साहेब नव्हते. आम्ही तलवाड्याचे, आणि तलवाडा म्हणजे त्यांच्या विरोधी गटाचं गाव. आम्ही ज्यांना मानतो ते साहेब तेव्हा पडलेले होते, आणि पडलेल्या साहेबांना राजधानीत खोली नसते.

आईच्या गालात आतल्या बाजूनं जखम झाली होती. लग्नाआधीपासून ती दातांना तंबाखूची मिश्री लावायची. जखम भरेना तेव्हा अंबाजोगाईला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी बारकासा तुकडा काढून तपासायला पाठवला आणि नंतर मला एकट्याला आत बोलावून मुंबईचं नाव घेतलं. एकट्याला बोलावलं म्हणजे काय हे आईला बाहेर बसूनच कळलं होतं. "काय मनला त्यो?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "काही नाही, मुंबईला तपासून घ्या म्हणाले." ती म्हणाली, "काही न्हाई त मग मुंबई कावून?"

मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात आधी एकामागून एक तपासण्या आणि मग ऑपरेशन, असं ठरलं. म्हणजे तिथंच राहायला हवं. लॉज परवडणारी नव्हती, धर्मशाळेत नंबर लागत नव्हता. दवाखान्याच्या फाटकाबाहेर फूटपाथवर प्लास्टिक टाकून कुटुंबंच्या कुटुंबं राहिलेली आईनं पहिल्याच दिवशी पाहिली आणि मला जागच्या जागी थांबवलं. "मी हितं झोपणार न्हाई. माणसं अंगावरून चालत्यात. त्यापरीस घरी जाऊन मरते." आमची आई बोलून दाखवायचं म्हणून बोलत नाही. तिनं एकदा सख्ख्या दिराच्या घरचं पाणी पिणार नाही म्हटलं, ते आजवर प्यायली नाही. तेव्हा मला कळून चुकलं की आईच्या ऑपरेशनच्या आधी तिच्या डोक्यावर छप्पर हवं. छप्पर गेलं की आई गावाकडं निघाली, आणि गावाकडं गेली की संपलं. मी तिला घेऊन तसाच गावी परतलो आणि मामाला फोन लावला.

मामा त्या दुसऱ्या साहेबांच्या गटातला. त्याच्या गावात साहेबांचं सगळं तोच बघतो. निवडणुकीच्या दिवसांत मामा आणि माझे वडील एकमेकांशी बोलत नाहीत. निकाल लागला की ज्याचा पडला तो चार महिने जास्त रुसतो. मामा फोनवर म्हणाला, "खोलीचं मी बघतो. मी पीएशी बोलतो. पर गाव इचारलं तर माझं सांगायचं, माझ्याकडंच राहता मनायचं. तलवाड्याचं नाव काढलंस तर संपलं." वडिलांना सांगावंच लागलं. आमच्या बूथवर वर्षानुवर्षं टेबल मांडून बसणारा माणूस तो. ते म्हणाले, "जावा. पर तिथं माझं नाव घेऊ नका."

बसमध्ये बसल्यावर आईनं माझा मोबाईल मागितला. माझ्या डीपीवर आमच्या साहेबांच्या वाढदिवसाचा फोटो होता, केक भरवतानाचा. "काढ ते," ती म्हणाली. मी काढला आणि गुलाबाचं फूल लावलं. साहेबांच्या जागी गुलाब बघून मला उगाच कसंतरी झालं.

खोलीला दोन भाग होते. बाहेरच्या भागात भिंतीला लागून गाद्या, मध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि एकाच बोर्डाला इतके चार्जर की कोणता कुणाचा ते ओढून बघावं लागे. दाराच्या समोर साहेबांचा हात जोडलेला मोठा फोटो. आतल्या भागात बायका झोपायच्या. खोली सांभाळायला एक हडकुळा माणूस होता. तो साहेबांचा खरा पीए होता की नुसता चावीवाला, कुणास ठाऊक. सगळे त्याला पीएसाहेब म्हणत आणि तोही नको म्हणत नसे. त्यानं विचारलं, "कुठलं गाव?" मी मामाचं गाव सांगितलं. "कुणाचे?" मी मामाचं नाव सांगितलं आणि आईकडं बोट करून म्हणालो, "ही त्यांची बहीण." तो आईकडं बघून हसला आणि माझ्याकडं बघताना त्याचं हसू गेलं. हे मी लक्षात ठेवलं.

आईनं पहिल्या दुपारीच नियम घालून दिले. कुणाच्या हातचा चहा घ्यायचा नाही. पिशवी उशाला घ्यायची. कुणी गावाचं विचारलं तर खोकायचं. "आन् हासू नको," ती म्हणाली. "तू हासलास की खोटं बोलतोस ते लगेच दिसतं." मग तिनं स्वतःच्या पिशवीचे बंद पदराच्या टोकाला बांधले आणि आत गेली.

मी गादीवर बसून एकेकाला न्याहाळू लागलो. संशय घ्यायला फार वेळ लागला नाही. एक मास्तर होते, बदलीसाठी आलेले. ते मोबाईलवर बोलायला नेहमी जिन्यात जायचे. परीक्षेची दोन पोरं होती. ती साहेबांच्या फोटोकडं पाठ करून अभ्यास करायची. साहेबांच्या खोलीत बसून साहेबांकडं पाठ? आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. अडीअडचणीला म्हणून एकमेकांचे नंबर घेतले तेव्हा ज्याच्या-त्याच्या डीपीची झलक दिसली. कुणाचा गणपती, कुणाचं सूर्यफूल, कुणाचा नुसताच डोंगर. आमच्याकडं गटाचा माणूस डीपीवर साहेब लावल्याशिवाय झोपत नाही. इथं साहेबांच्या खोलीत एकाच्याही डीपीवर साहेब नव्हते. यात काहीतरी काळंबेरं आहे हे मला कळलं. काय, ते कळलं नाही.

पण सगळ्यांत जास्त संशय मला त्या म्हाताऱ्याचा आला. धोतर, पांढरी टोपी, बरोब्बर साहेबांच्या फोटोखाली त्याची गादी. त्याची बायको आत आईच्या शेजारी होती. तिच्या छातीत गाठ होती आणि दवाखाना आमचाच. म्हातारा मात्र दिवसभर माझ्यामागं लागलेला.

"कुठलं मनलात गाव?"

मी सांगितलं.

"आस्सं. मारुती येशीच्या आत हाय का भायेर?"

मामाच्या गावाची माझी माहिती म्हणजे लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत पाहिलं तेवढी. मी म्हणालो, "आत."

"आन् तुमचं घर?"

"मारुतीच्या मागं. खालच्या आळीत."

"पारावर लिंब असंल की मोठा?"

"हाय की. चांगला डेरेदार हाय. अर्धं गाव बसतं त्याच्याखाली."

म्हातारा मान डोलवायचा, तोंडातल्या तोंडात काहीतरी घोळवायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नवीन प्रश्न. जत्रा कधी भरते, शाळा कितवीपर्यंत, पाणी कुठून येतं. एवढी चौकशी तर मुलगी द्यायचं ठरल्यावरही कुणी करत नाही. मी जिन्यात जाऊन मामाला फोन केला आणि पारावरच्या कडुलिंबाचं विचारलं. मामा ओरडलाच. "आरं येड्या, रस्ता रुंद केला तवाच पडला की त्यो! तिथं आता हायमास्टचा खांब हाय." म्हणजे म्हातारा त्या गावचा नाहीतर शेजारच्या गावचा असणार, आणि त्यानं मला बरोब्बर लिंबाच्या सापळ्यात पकडलं होतं. मी जिन्यातून परत आलो तर म्हातारा दारात पीएच्या कानाला लागलेला. मला बघून दोघंही बाजूला झाले.

डाव उलटवावा म्हणून मी एकदा त्यालाच विचारलं, "आबा, तुमचं कुठलं?"

तो खोकला. चांगला दम लागेपर्यंत खोकला, मग म्हणाला, "आमी तिकडचेच." आणि टोपी झटकून बाहेर गेला. आईचा खोकल्याचा नियम याला कुणी शिकवला, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. हा साहेबांचा पेरलेला माणूस आहे, समोरच्या गटाचे कोण घुसलेत ते हुडकायला बसवलाय, अशी माझी पक्की खात्री झाली.

दवाखान्यात रांगेत बसलो असताना मी आईला सांगितलं, "त्यो म्हातारा खबऱ्या हाय."

"गप बस," आई म्हणाली. "तू तुझं कर."

पण तीही मला आता साधीसरळ वाटेना. जिनं मला कुणाचा चहा घेऊ दिला नाही, ती आत त्या म्हातारीच्या केसांना तेल लावून देत होती. दाराच्या फटीतून मी पाहिलं. म्हातारीचे केस लांब होते, वयाच्या मानानं दाट, आणि आई ते विंचरून अंबाडा घालून देत होती. दोघी हळू आवाजात बोलत होत्या. गालाला जखम असताना आईनं एवढं बोलावं, असं काय होतं? मी विचारलं, "तिला काय काय सांगितलंस?" आई म्हणाली, "बायांचं बोलणं हाय. तुला काय करायचं?" मला राग आला. मी बाहेर जीव मुठीत धरून गाव पाठ करतोय आणि ही आत वेणीफणी करतेय.

सगळ्या तपासण्या होऊन ऑपरेशनचा दिवस जवळ आला तेव्हाच अधिवेशन सुरू होणार अशी बातमी आली. अधिवेशनाला साहेब येणार, साहेबांबरोबर गाड्या भरून माणसं येणार. पीएनं संध्याकाळी सगळ्यांना ऐकवलं, "उद्या सकाळी चहा झाल्यावर परत्येकानं गाव सांगायचं. तालुक्यातल्या आपल्या गावचा आसंल त्यो राहील. बाकीच्यांनी पिशवी उचलायची. इथं काय धर्मशाळा न्हाई." बोलताना तो माझ्याकडंच बघत होता. निदान मला तसं वाटलं.

मी आईला बाहेर बोलावलं. ती म्हणाली, "काढलं तर गावाकडं. मी सांगितलंय तुला." तिचा गाल त्या दिवशी जास्त सुजला होता. मला रडू येत होतं आणि ते मी त्या म्हाताऱ्यावरच्या रागात गिळलं.

सकाळी उठून बघतो तर परीक्षेची दोन्ही पोरं गादी गुंडाळून गायब. मास्तर "चहा पिऊन येतो" म्हणून गेले ते बॅग घेऊनच गेले. चहा प्यायला बॅग कोण नेतं? पीएनं खुर्ची ओढली आणि उरलेल्यांना एकेक करून विचारायला सुरुवात केली. दोघं-तिघं कशीबशी सुटली. मग तो म्हाताऱ्यापाशी आला.

"आबा, तुमच्यासाठी फोन आलता तवा नुसतं तालुक्याचं माणूस मनून सांगितलं. गाव कोनतं?"

म्हाताऱ्यानं टोपी नीट केली आणि माझ्या मामाच्या गावाचं नाव घेतलं.

मला ऐकू आलं त्यावर माझा विश्वास बसेना. पीए म्हणाला, "आस्सं? घर कुठं?" म्हातारा धडाधडा बोलू लागला. "येशीच्या आत मारुती, त्याच्या मागं, खालच्या आळीत. पारावर लिंब हाय चांगला डेरेदार. अर्धं गाव बसतं त्याच्याखाली."

माझंच वाक्य. माझीच चूक, एका शब्दाचाही फरक न करता. इतके दिवस हा मला पकडत नव्हता, हा माझ्याकडून गाव शिकत होता! त्याला कोणतं तरी एक गाव हवं होतं आणि मी त्याला ते लिंबासकट देऊन बसलो होतो.

पीएनं भुवई वर केली. "लिंब? मी परचाराला गेलतो तिथं. रस्ता केला तवाच पडला की त्यो." पीए माझ्याकडं वळला. "तुमी त्याच गावचे ना, पाव्हणं? खालच्या आळीतलेच. वळखता का ह्यांला?"

हो म्हणावं तर त्याच्याबरोबर मीही उलट्या प्रश्नांत सापडणार. लिंब मलाही उभा करता येणार नव्हता. नाही म्हणावं तर आत झोपलेली ती म्हातारी फूटपाथवर. म्हाताऱ्याचे डोळे माझ्यावर होते, आणि त्या डोळ्यांत पाणी होतं हे मला आवडलं नाही, कारण त्यामुळं नाही म्हणणं अवघड झालं.

तेवढ्यात आई आतून आली. बाहेर इतके पुरुष होते म्हणून तिच्या डोक्यावर कपाळापर्यंत पदर होता. लग्न होऊन ती तलवाड्यात आली तेव्हापासून परक्या माणसासमोर तो पदर खाली आलेला मी कधी पाहिला नाही. आमच्याकडं सासरची बाई तशीच वागते. माहेरी मात्र पदराचं बंधन नसतं. माहेरच्या माणसापुढं लेक बोडक्या डोक्यानं बसते, आणि त्यात कुणाला काही वाटत नाही.

आई म्हाताऱ्यासमोर आली आणि तिनं पदर खांद्यावर टाकला.

"काका," ती म्हणाली, गालामुळं शब्द जड येत होते, "चहा झाला का तुमचा?" मग पीएकडं वळली, पण पदर तसाच खांद्यावर ठेवून. "ह्ये माझ्या चुलत्यावानी हायेत. म्हाताऱ्या माणसाला पडलेला लिंब बी उभाच दिसतो, दादा. तुमच्या आज्याला इचारा."

पीए आईच्या उघड्या डोक्याकडं बघत राहिला. तो आमच्याच भागातला, त्याच्याही घरात आई-बहिणी असणार. त्याला साहेबांच्या त्या गावातल्या माणसाची बहीण समोर दिसत होती, आणि तिचा खांद्यावरचा पदर दिसत होता. "आक्का, आदुगरच सांगायचं की," म्हणून तो पुढच्या माणसाकडं वळला.

म्हातारा मटकन गादीवर बसला. मी आईकडं बघत होतो. ती पुन्हा पदर डोक्यावर घेऊन आत निघून गेली होती.

साहेब दुसऱ्या दिवशी आले. पेशंटांची विचारपूस केली, आईचा हात हातात घेतला, आणि लगेच कुणीतरी फोटो काढला. बघा, फुकट काही नसतं. फोटोत मी आणि म्हातारा दोघंही तोंड वळवायच्या प्रयत्नात आहोत, आणि दोघंही सापडलोय. संध्याकाळपर्यंत तो फोटो 'मायमाउलीची आस्थेनं चौकशी' असं लिहून आमच्या तलवाड्यातल्या सगळ्या ग्रुपवर फिरला. वडिलांचा फोन आला. मी मन घट्ट करून उचलला. ते एवढंच म्हणाले, "ऑपरेशन कवा हाय?" आणि फोन ठेवला.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आईला वॉर्डात घेतलं. ऑपरेशननंतर बोलणं पहिल्यासारखं राहणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी तिच्या उशाशी बसून विचारलं, "त्या म्हाताऱ्यासाठी एवढी जोखीम कावून घेतलीस? मामाला कळलं असतं तर?"

"त्याच्यासाठी न्हाई घेतली," ती म्हणाली. "तिच्यासाठी घेतली. ती तलवाड्याची लेक हाय."

"तलवाड्याची? कुणाची?"

"वरल्या आळीतली. मी लगीन होऊन यायच्या आदीच ती नांदाया गेलती, मनून वळख न्हाई. मला तिनं पहिल्याच दिशी सांगितलं." मग ती थांबली, गालाला हात लावला आणि सावकाश बोलली. मी ऐकलेलं तिचं ते शेवटचं लांब बोलणं. "गडी माणूस पोटासाठी कोनतं बी गाव सांगंल. बाई नवऱ्याचं गाव सुदीक खोटं सांगंल. पर बाई माहेर खोटं सांगणार न्हाई. मी बी कुठं खोटं बोलले? तुझ्या मामाचं गाव माझंच हाय. आन् गावच्या लेकीला रस्त्यावर सोडायचं? वर तोंड करून तलवाड्यात कसं जायचं मग?"

"म्हणजे ते आपल्याच साहेबांचे?"

"आपलेच. त्यो म्हातारा तुलाच भेतुया. तू त्या साहेबांचा खबऱ्या हायेस असं वाटतंय त्याला."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुझ्या तोंडावर दिसतं," आई म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून झोपली. मला हसावं की तिला मिठी मारावी हे कळेना. मी तिच्या पायाला हात लावून बसलो. मोबाईलवरची सूर्यफुलं, गणपती आणि डोंगर आठवले. साहेबांच्या त्या खोलीत साहेबांचा माणूस एक तरी होता का, असा संशय मला अजून आहे.

ऑपरेशन नीट झालं. आई घरी आली. तिची अर्धी जिवणी आता हलत नाही, बोलणं जाड येतं, आणि ते फक्त आम्हालाच कळतं. शेजारणी नुसतं "व्हय व्हय" करतात, म्हणून ती त्यांच्याशी बोलायचं टाळते. जी बाई चौकात उभी राहून भाजीवाल्याला घाम फोडायची, ती आता दाराच्या आत बसते. मला त्याचं फार वाईट वाटतं.

श्रावण लागला. पंचमी जवळ आली तशी गावात सासरहून लेकी येऊ लागल्या. आईनं मला जवळ बोलावलं आणि दोन-तीनदा सांगितलं तेव्हा मला कळलं, "आत्याला आण." मी म्हणालो, "कोणती आत्या? मला आत्याच नाही." तिनं स्वतःच्या डोक्यावरचा पदर खांद्यावर टाकून दाखवला. मग कळलं.

म्हातारीचे सख्खे भाऊ कधीच वारले होते. वरच्या आळीतल्या त्यांच्या घराला कुलूप होतं, पोरं पुण्याला. तिला पंचमीला न्यायला मुराळी म्हणून जाणारं कुणी उरलं नव्हतं. मी कुरकुर केली. ना फोन, ना निरोप. ती आहे की नाही तेही माहीत नाही. वडील म्हणाले, "गावची लेक हाय. जायला पायजे." वरून पुटपुटले, "आपलीच माणसं हायेत ती."

मी गेलो. गाव आईला ठाऊक होतं, ते मी सांगत नाही. घर विचारत पोचलो तर ओट्यावर तोच म्हातारा, तीच टोपी, आजूबाजूला त्याचे दोन थोरले भाऊबंद आणि आणखी चार माणसं. मला बघून त्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला. त्या साहेबांचा माणूस आपल्या दारात, तोही भावकीसमोर! त्याला त्याच्या बायकोनं अजून सांगितलं नव्हतं की काय, कुणास ठाऊक. बायका काय काय पोटात ठेवतात याचा मला आता अंदाज आलाय. त्यानं घसा साफ करून विचारलं, "कुठलं गाव?"

"तलवाडा," मी म्हणालो. खोटं न बोलता गाव सांगताना किती बरं वाटतं! "मुराळी आलोय."

ओट्यावरची माणसं एकमेकांकडं बघू लागली. आतून म्हातारी दारात आली. दीर बसलेले म्हणून तिचा पदर डोक्यावर होता, नुसता डोक्यावर नाही, कानांवरून घेऊन हनुवटीखाली घट्ट धरलेला. चेहरा वाळला होता. ती माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं हनुवटीखालची मूठ सोडली आणि पदर खांद्यावर घसरू दिला.

आईनं तेल लावलेले ते लांब केस औषधांनी गेले होते. डोक्यावर नुसती पांढरी, बारीक लव उगवली होती. भावकीतल्या माणसांनी मान खाली घातली. त्यांनीही ते पहिल्यांदाच पाहिलं असावं. म्हातारीला त्याचं काही वाटलं नाही. ती माहेरच्या माणसापुढं उभी होती.

"वयनी बोलती का रं?" तिनं विचारलं.

"बोलती, आत्या. पर घरच्यांनाच कळतं."

"मग मला कळंल," ती म्हणाली आणि दाराआड हात घालून पिशवी बाहेर काढली.

पिशवी भरून, बंद बांधून ठेवलेली होती. मी येणार हे तिला कुणी कळवलं, असा संशय मला आलाच. मी वाटेत तिला तसं विचारलंही. कुणीच कळवलं नव्हतं.